माग ढिला आहे

श्रीनिवासने पुण्याहून सहा पास आणले,
मनगटाला चिकटवायचे, कागदी, केशरी.
अम्माने तिचा बांगड्यांच्या वर सरकवला
आणि विचारलं, हा आंघोळीआधी काढायचा का?

होम मैदान. गड्डा उठून महिना झालाय,
पाळण्याच्या खांबांचे खड्डे अजून बुजलेले नाहीत.
त्यातल्याच एकात नान्नांच्या खुर्चीचा पाय गेला
आणि ते रात्रभर तिरके बसले.
दुसरी खुर्ची द्या, असं म्हणाले नाहीत.

चाळीस वर्षं जॉबर होते.
शेडच्या दारातूनच सांगायचे
कुठल्या मागाचा पट्टा सैल, कुठला धोटा आज अडकणार,
आत पाऊल न टाकता, नुसतं ऐकून.
त्याच आवाजाने पुढे त्यांचे कान खाल्ले,
उजवा पूर्ण, डावा बराचसा.
आता फोनवर नुसतं हां हां म्हणतात,
समोर बसलं की ओठ वाचतात.

मग त्यांना कशाला नेताय? वहिनीने विचारलंच होतं.
मी उत्तर दिलं नाही. नव्हतंच माझ्याकडे.

दारावरच्या पोराने डबा अडवला,
बाहेरचं खाणं चालत नाही, मावशी.
अम्मा म्हणाली, बाहेरचं कुठलं, घरचं हाय की.
पोरगा भवानी पेठेतलाच निघाला. डबा आत गेला.

सुरुवातीला काही कळेना.
एक बोलायला लागतो, दुसरा मधेच तोडतो,
तिसरा दोघांना सोडून भलत्याच गल्लीत शिरतो
आणि नेमका चौकात सगळ्यांना भेटतो.
आमच्या घरातल्या जेवणासारखं :
तेलुगूत प्रश्न, मराठीत उत्तर, कानडीत शिवी,
आणि भात मात्र सगळ्यांचा एकदमच संपतो.

सॅक्सोफोन बघून अम्मा ओळखीचं हसली.
माझ्या लग्नात होता हा, शरीफभाईंच्या बँडमध्ये,
पोचा पडलेला.
ह्याला पोचा नाही, म्हणून इतका वेळ लावतोय.

मग सगळे थांबले. उरला एकटा बास,
कपाटाएवढा, आणि त्याला मिठी मारून उभा माणूस,
एकेक स्वर आडात सोडल्यासारखा सोडत,
तळाशी पोचेपर्यंत वाट बघत.
त्या वाट बघण्यात
अम्माने कडक भाकरी मोडली.

कडाक्.

पुढच्या दोन रांगा वळल्या.
अन्विताने, माझ्या लेकीने, तोंड ओढणीत घातलं. माझ्या.
बासवाल्याने मान वर केली नाही,
पण अन्विता अजून शपथेवर सांगते
की त्याने लाकडावर बोटाने तसंच कडाक् केलं.
मला नाही ऐकू आलं. मी लाजण्यात गुंतले होते.

नान्नांना ह्यातलं काहीच नाही.
चपला काढून पाय मातीवर टेकवलेले,
तळवा खुर्चीच्या लोखंडी हातावर पालथा.
ड्रम सुरू झाले तशा भुवया जवळ आल्या.
माझ्या कानाशी वाकून ओरडले
(ज्याला ऐकू येत नाही त्याला कुजबुजता येत नाही) :
माग ढिला आहे!
ठोका उशिरा पडतोय. पट्टा आवळायला पाहिजे!

आणखी दोन गाणी झाली.
पट्टा आवळायला कोणी उठलं नाही.
मग तो तळवा माझ्या मनगटावर आला,
केशरी कागदावर,
आणि बोटं ठोके देऊ लागली, उशिराचा उशिराच.
मुद्दाम करतोय की ग, म्हणाले, ह्या वेळी हळू,
म्हणजे आमच्या रांगेपुरतंच.
मुद्दाम. आणि कापड फाटत नाही.

परतताना साखर पेठेत त्यांनी रिक्षा थांबवली.
एका शेडमध्ये रात्रपाळी चालू होती.
उतरले, शटरवर हात ठेवून उभे राहिले,
रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी.

ठीक चाललाय, म्हणाले आत बसताना.
एकदम ठीक.
जरा नाराजच.